पेटी घेऊन बसा, मग हिल्डेगार्ड ऐका

कार्तिकातला काकडा आटोपून घरी आले होते. अजून उजाडायचं होतं. भाची तेव्हा जर्मनीत माइन्झला शिकत होती. तिनं फोनवर एक गाणं पाठवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "मावशी, हे तुझ्या कामाचं वाटतंय." लावलं. एका बाईचा आवाज, खाली दोघीतिघींनी धरलेला एकच सूर, ताल नाही, पेटी नाही. बाई वर गेली, आणखी वर गेली, आणि खाली येताना कोमल गंधारावर अशी थांबली की माझा हात आपोआप पेटीच्या भात्याकडे गेला. गाणं साडेआठशे वर्षांपूर्वीचं आहे हे मला नंतर कळलं.

मी सोलापुरात साखर पेठेत तीस वर्षं पेटी शिकवते आणि आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. गेली काही वर्षं रविवारी संध्याकाळी माझ्या खोलीत पाच-सहा जण जमतात आणि आम्ही हे मध्ययुगातल्या युरोपचं गाणं ऐकतो, त्यात बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड या मठातल्या बाईचंही. सुरुवातीला मी चुकीच्या क्रमानं ऐकवलं आणि माणसं कंटाळून उठली. कोणता क्रम आपल्या कानाला मानवतो हे आता कळलंय, म्हणून लिहितेय.

आधी जागा आणि वेळ. शेजारचे माग बंद असतील अशी वेळ निवडा. कानात इअरफोन घालून बाजारात फिरताना हे ऐकू नका, कारण यात तुम्हाला धरून ठेवायला ठेका नाही. जमिनीवर बसा. जवळ पेटी असू द्या, नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा चालेल. आणि एक गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे "पाश्चात्त्य संगीत" म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे पियानो, व्हायोलिनांचा ताफा आणि छडीवाला माणूस. ते सगळं पुष्कळ नंतरचं. आपण ज्या काळाबद्दल बोलतोय त्यात बराच काळ गाणं म्हणजे एकच सुरावट होती. सगळ्यांनी मिळून म्हणायची किंवा एकट्यानं. आपल्याला यापेक्षा ओळखीचं काय असणार?

आता पेटी उघडा. काळ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. पांढरी दोनला, म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीमधल्या पांढऱ्या पट्टीला, षड्ज माना आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरून वरच्या षड्जापर्यंत जा. गंधार कोमल, निषाद कोमल: काफी. तिकडे याला डोरियन म्हणतात. पांढरी तीनपासून तसंच केलं तर भैरवी, त्यांचं फ्रिजियन. पांढरी चारपासून कल्याण, त्यांचं लिडियन. पांढरी पाचपासून खमाज, मिक्सोलिडियन. तिकडच्या ख्रिस्ती मठांतलं बहुतेक गाणं या चार घरांत बसतं. प्रत्येक घराचे दोन प्रकार, एक षड्जापासून वर चढणारा आणि एक षड्जाच्या खाली मंद्रात उतरून तिथेच घोटाळणारा, म्हणून एकूण आठ. थाटांची नावं मी लावली आहेत आणि ती फक्त ओळख पटवण्यापुरती. कल्याणचं घर तर फसवं आहे, कारण त्या गायकांना तीव्र मध्यम खुपायचा आणि ते बऱ्याचदा तो उतरवून शुद्ध करायचे, मग बिलावलच होतो.

हा पट्ट्यांचा व्यायाम पाच दिवस रोज दहा मिनिटं करा. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक म्हणाले होते, "बाई, गाणं ऐकायला आलो आणि तुम्ही पलटे घ्यायला लावताय की ओ." आठवड्यानं त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं की समोर चाललेली प्रार्थना भैरवीच्या घरातली आहे. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर पहिलं गाणं म्हणून किरिए ऐका. "किरिए एलेइसोन", म्हणजे प्रभो, दया कर. मिसा या उपासनेत बाकीचं सगळं लॅटिनमध्ये, आणि ही हाक मात्र ग्रीकमध्ये राहिली. आपल्याकडे मराठी आरतीच्या शेवटी संस्कृत मंत्रपुष्पांजली येते तसं. तीनदा किरिए, तीनदा ख्रिस्ते, पुन्हा तीनदा किरिए, अशा नऊ हाका. शब्द तीनच असल्यामुळे अर्थाची धडपड करावी लागत नाही आणि एकेका स्वरवर्णावर सूर कसा लांबवतात ते नीट ऐकू येतं. तानपुरा त्याच्या शेवटच्या सुरावर जुळवून सोबत चालू ठेवा. सुरुवातीचा सूर सोडून द्या. शेवटचा सूर हाच त्या घराचा मालक.

या गाण्याला ग्रेगोरियन म्हणतात ते पोप ग्रेगरी पहिला याच्या नावावरून. तो ५९० ते ६०४ या काळात पोप होता. कबुतराच्या रूपात पवित्र आत्मा त्याच्या कानाशी येऊन सुरावटी सांगत असे, अशी कथा आहे आणि जुन्या चित्रांत ते कबुतर दिसतंही. प्रत्यक्षात आज जे ऐकतो ते गाणं आठव्या-नवव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात, घडत गेलं. मठांतला दिवस या गाण्यानं बांधलेला होता. रात्रीच्या अंधारातल्या मॅटिन्सपासून झोपण्यापूर्वीच्या कम्प्लिनपर्यंत आठ वेळा जमायचं आणि स्तोत्रं म्हणायची. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे आठवडाभरात बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पुरी व्हायची. काकडा, हरिपाठ, शेजारती हे ज्यांच्या अंगात भिनलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

स्तोत्र ऐकताना दोन गोष्टी पकडा. एक, बहुतेक शब्द एकाच सुरावर म्हटले जातात. डोरियनमध्ये तो सूर पंचम असतो, फ्रिजियनमध्ये कोमल धैवत. ओळीच्या मध्ये थोडी हालचाल, शेवटी उतरण, बस्स. दोन, गायकांचे दोन गट समोरासमोर बसलेले असतात आणि एक ओळ या बाजूनं, दुसरी त्या बाजूनं येते. पंढरीच्या वाटेवर टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून चरण एकमेकांवर सोडतात, तो अनुभव असेल तर डोळे मिटा आणि तेच आठवा. ओळीच्या मधल्या विरामात सगळे मिळून श्वास घेतात. तो श्वास ऐकू आला की तुम्ही ऐकायला शिकलात.

इथे थोडं थांबून स्वतः गा. अकराव्या शतकात इटलीत अरेझ्झोला ग्वीदो नावाचा संन्यासी मुलांना गाणं शिकवत होता. तोंडी पाठांतरानं गायक तयार व्हायला दहा वर्षं लागतात, हे त्याचं दुखणं. त्यानं सूर रेघांवर मांडायची पद्धत बसवली, त्यातली एक रेघ लाल आणि एक पिवळी, म्हणजे अर्धा स्वर कुठे आहे ते डोळ्यांना दिसावं. सुरांची नावं शिकवायला त्यानं बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं एक स्तोत्र वापरलं. त्याच्या पहिल्या सहा चरणांतला प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक सूर वरून सुरू होतो आणि त्या चरणांची पहिली अक्षरं आहेत उत, रे, मि, फा, सोल, ला. युरोपचं सारेगम इथून निघालं. पांढरी एक षड्ज धरून पहिला चरण वाजवा: सा रे म रेग रे. शब्द, "उत क्वेआन्त लाक्सिस". दुसरा: रे रे सा रे ग ग, "रेसोनारे फिब्रिस". गंमत अशी की सुरुवात सावर झाली तरी हे स्तोत्र शेवटी रेवर विसावतं. तानपुरा सावर ठेवलात तर ते अर्धवट लटकल्यासारखं वाटेल. रेवर जुळवून पुन्हा गा. माझ्या दहा-बारा वर्षांच्या विद्यार्थिनींना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

आता हिल्डेगार्ड. बिंगेनची हिल्डेगार्ड, जन्म १०९८, मृत्यू ११७९. ऱ्हाईन नदीकाठी रूपर्ट्सबर्गच्या मठाची प्रमुख. वैद्यक लिहिलं, दृष्टान्त लिहिले, पोपांना आणि राजांना पत्रं लिहिली आणि सत्तरेक गाणी रचली. आमच्या सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी सिद्धरामेश्वर कन्नडमध्ये वचनं सांगत होते तेही बाराव्याच शतकात. हा योगायोग मला फार जवळचा वाटतो. एकमेकांची नावंही न ऐकलेली दोन माणसं, आणि दोघांच्या तोंडी देवाशी थेट बोलणं.

तिची चाल इतरांसारखी एका पायरीनं चालत नाही. षड्जावरून एकदम पंचमावर झेप, तिथून वरच्या षड्जावर. सव्वा-दीड सप्तकाचा पसारा. "ओ विरिदिस्सिमा विर्गा", म्हणजे "हे अतिशय हिरव्या फांदी", हे येशूच्या आईचं, मरियेचं, गाणं आधी ऐका. हिरवेपणा हा तिचा आवडता शब्द होता. जगातलं सगळं जिवंतपण तिला त्या हिरव्या रसात दिसायचं. एप्रिलमधल्या सोलापुरात, बाहेर बेचाळीस अंश तापलेलं असताना हे ऐका, मग "हिरवं" या शब्दाची तहान कळते.

तिनं मठातल्या बायकांसाठी एक संगीत नाटकही लिहिलं, "ओर्दो विर्तुतुम", ११५१च्या सुमाराचं. त्यात सगळे सद्गुण गातात. सैतान मात्र गात नाही, नुसता ओरडतो. त्याला तिनं सूरच दिला नाही.

११७८ साली, ऐंशीच्या घरात असताना, तिच्या मठावर बंदी आली. मठाच्या जमिनीत पुरलेल्या एका सरदाराला धर्मबहिष्कृत ठरवून त्याचं प्रेत उकरून काढा, असा माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम होता. मृत्यूपूर्वी त्याची चर्चशी समेट झाली होती म्हणून तिनं नकार दिला. शिक्षा काय झाली? मठात गायचं नाही. प्रार्थना दारं लावून हळू आवाजात वाचायच्या. तिनं त्यांना जे पत्र लिहिलं त्यात गाणं बंद पाडणाऱ्यांना तिनं चांगलंच खडसावलं आहे, कारण तिच्या लेखी माणसाला स्वर्गाची आठवण गाण्यातूनच राहते. ११७९मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ती गेली. तिचं गाणं ऐकायला बसाल तेव्हा त्या गप्प केलेल्या मठाचा विचार करा. आमच्या मंडळातल्या बायकांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही.

इथवर यायला महिना लागला तरी चालेल. मग मठाच्या बाहेर या.

दक्षिण फ्रान्समध्ये ऑक्सितान भाषेत प्रेमाची गाणी रचणारे त्रुबादूर बाराव्या शतकात फुलले. पहिला ज्ञात त्रुबादूर खुद्द एक ड्यूक, अक्विटेनचा गियोम नववा. गाणी हजारोंनी उरली, चाली मात्र साधारण दहातल्या एकाच्याच. बेर्नार्त द वेन्तादोर्नचं चंडोल पक्ष्याचं गाणं ऐका. ऊन्हात पंख फडफडवत चंडोल इतका सुखावतो की उडायचं विसरून खाली कोसळतो, आणि कवी म्हणतो, मला त्याचा हेवा वाटतो. सुरावट काफीच्या घरातली, प्रत्येक कडव्याला तीच. मठातलं गाणं महिनाभर ऐकलेल्या कानाला इथे धक्का बसतो, कारण ही चाल मठातल्या चालीची सख्खी बहीण आहे. तेच घर, तसाच उतार, फक्त देवाच्या जागी सखी.

दियाच्या काउंटेसचं "आ शान्तार" सोडू नका. स्त्री-त्रुबादूरांच्या गाण्यांपैकी चाल टिकलेलं हे एकच. प्रियकरानं दगा दिल्याची तक्रार आहे आणि आवाज कुठेही रडका नाही. जात्यावरच्या किती ओव्यांच्या चाली अशाच त्या त्या बाईबरोबर गेल्या असतील.

आता मला जे मुख्यतः सांगायचंय ते. तिकडे देवाचं गाणं आणि माणसाचं गाणं यांत भिंत होती असं पुष्कळांना वाटतं. मीही तसंच धरून चालले होते. पण चाली भिंतीवरून सारख्या ये-जा करत होत्या. इंग्लंडमधलं "सुमेर इस इकुमेन इन" हे तेराव्या शतकातलं गाणं घ्या: उन्हाळा आलाय, कोकिळे, मोठ्यानं गा. हस्तलिखितात याच सुरांखाली दुसरे शब्दही लिहिले आहेत, लॅटिनमध्ये, ख्रिस्ताच्या बलिदानाचे. एकच चाल, वर कोकिळा, खाली क्रूस. फ्रान्समध्ये गोतिए द क्वाँसी या संन्याशानं लोकांच्या प्रेमगीतांच्या चाली उचलून मरियेची गाणी बांधली. स्पेनमध्ये राजा अल्फोन्सो दहावा याच्या दरबारात मरियेच्या चमत्कारांची चारशेहून अधिक गाणी जमली, बहुतेकांना आपल्यासारखं पालुपद, आणि चाली नाचाव्याशा वाटणाऱ्या. त्या हस्तलिखितातल्या चित्रांत ख्रिस्ती आणि मुसलमान वादक शेजारी बसून वाजवताना दिसतात.

सोलापूरकरांना हे सांगायला मला दूर जावं लागत नाही. राम जोशी आपल्याच गावचा. त्यानं तमाशाच्या फडात लावणी गाजवली आणि कीर्तनात मोरोपंतांच्या आर्याही गायल्या. गळा एकच होता. आमच्या मंडळातही सिनेमाच्या चालीवरची गवळण निघते, तेव्हा जुन्या बायका नाक मुरडतात आणि दुसऱ्या कडव्याला टाळ धरतात. म्हणून कोकिळेचं गाणं ऐकताना एक काम करा. आधी इंग्रजी शब्दांचं ऐका, मग लॅटिन शब्दांचं, आणि मग तुम्हाला पाठ असलेला एखादा अभंग एका वेगळ्या चालीत बसवून बघा. चाल बदलली की शब्दांचा कोणता भाग उजेडात येतो ते गाऊनच कळतं.

कोकिळेचं गाणं मागोमाग सुरू करायचं आहे, हेही लक्षात ठेवा. पहिला थोडा पुढे गेला की दुसरा तेच पहिल्यापासून म्हणतो, मग तिसरा, मग चौथा, आणि खाली दोघं एक छोटा तुकडा घोळवत राहतात. इथून अनेक आवाजांच्या गाण्याची सवय लागते. ती लागल्यावरच पॅरिसच्या नोत्र दामकडे जा. कॅथेड्रलचं बांधकाम ११६३ला सुरू झालं, आणि खांब अजून चढत असताना लेओनँ आणि पेरोतँ या रचनाकारांची नावं ज्यांच्याशी जोडली जातात ती गाणी तिथे उभी राहत होती. पेरोतँचं "विदेरुन्त ओम्नेस" हे नाताळचं गाणं ११९८च्या सुमाराचं, चार आवाजांचं. सगळ्यात खालचा आवाज जुन्या प्रार्थनेचा एकेक सूर इतका लांबवतो की "वि" हे पहिलं अक्षर संपता संपत नाही, आणि वरचे तीन आवाज झुलत्या लयीत एकमेकांत गुंततात. आपल्या कानासाठी युक्ती अशी: खालचा आवाज म्हणजे तानपुरा समजा, फक्त हा तानपुरा मध्येच दुसऱ्या सुरावर सरकतो. सरकला की बोट वर करा. आम्ही खोलीत सगळे बोटं वर करतो. पहिल्यांदा पाचांची बोटं पाच वेळी वर गेली, तिसऱ्या रविवारी एकदम गेली.

पुढच्या शतकात तर एकाच गाण्यात खाली लॅटिन प्रार्थनेचा तुकडा आणि वर फ्रेंच प्रेमगीत, दोन्ही एकाच वेळी, अशी रचना झाली. पोप जॉन बावीसावा यानं १३२४-२५च्या सुमारास याविरुद्ध फर्मान काढलं. गाण्यानं फारसं ऐकलं नाही. माशो या फ्रेंच रचनाकाराची मिसा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, तिला वेगळा महिना द्या.

वाद्यांबद्दल थोडक्यात, कारण ती तुम्ही स्वतःच ओळखाल. शॉम म्हणजे सनईच्या नात्यातलं. नेकर्स ही नगाऱ्यांची जोडी, आणि शब्दही नगाऱ्याचाच भाऊ, अरबीतून गेलेला. ल्यूट हे तारांचं वाद्य, अरबांच्या ऊदपासून आलेलं. ऑर्गनिस्ट्रम मात्र बघाच: दोघांनी मांडीवर घेऊन वाजवायचं, एक चाक फिरवणार, दुसरा सूर दाबणार. स्पेनमधल्या सान्तियागो द कोम्पोस्तेलाच्या ११८८च्या दगडी कमानीत दोन म्हातारे ते वाजवताना कोरले आहेत.

रेकॉर्डिंग निवडताना जपा. "कार्मिना बुराना" हा जुन्या गाण्यांचा संग्रह शोधलात तर मोठा वाद्यवृंद आणि गर्जणारा कोरस येईल. ते कार्ल ओर्फचं, विसाव्या शतकातलं. मूळ हस्तलिखित १२३०च्या आसपासचं, त्यातली गाणी वेगळी शोधावी लागतात. दुसरं, जुन्या वहीत बहुधा नुसती सुरावट असते. लय किती, वाद्यं कोणती, सोबत कोण, हे आजचा गायक ठरवतो. म्हणून एकच गाणं तीन वेगळ्या गटांकडून ऐका. एकाकडे ढोलकी, दुसऱ्याकडे नुसता गळा, तिसऱ्याकडे वीणेसारखं काही. एकच अभंग तीन बुवांकडून ऐकतो तसं. जो गट तुम्हाला शब्द ऐकू देतो तो आधी धरा.

शेवटी "यिब्रे वेर्मेल", कातालोनियातल्या मोंतसेर्रात मठाचं १३९९चं लाल पुस्तक, लाल वेष्टण पुष्कळ नंतरचं. डोंगरावरच्या काळ्या मरियेच्या दर्शनाला यात्रेकरू येत, रात्रभर जागत, आणि जागताना त्यांना गायचं-नाचायचं असे. देवळात भलतंसलतं गायलं जाऊ नये म्हणून मठानं त्यांच्यासाठी गाणी लिहून ठेवली. दहा उरली आहेत. काहींवर फेर धरून नाचायचं असंही लिहिलंय. "कुन्क्ती सिमुस" यातलं सगळ्यात सोपं, पालुपद दोन वेळा ऐकलं की तोंडात बसतं.

गेल्या आषाढीच्या आदल्या रविवारी आम्ही ते टाळ घेऊन म्हटलं. माझी पेटी पांढरी दोनवर, चौघी पालुपदाला, कडवी फोनमधल्या गायकांची. तिसऱ्या वेळी खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि विचारलं, "कुठल्या दिंडीचं गं हे?"